सुपरमॅन उडायचा कसा?

खिडकी उघडी आहे. सदतीस वर्षांचा एक भरदार अंगाचा माणूस दोन पावलं धावत येतो, झेप घेतो आणि खाली पडायच्या ऐवजी चक्क वर जातो! साल 1951, ठिकाण कॅलिफोर्नियातलं कल्व्हर सिटी. दृश्य घडवून देणारा संगणक नाही, हाताशी वेळ थोडा आणि पैसा त्याहून थोडा. मग हा माणूस उडाला कसा?

मालिका होती ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’. 1952 ते 1958 या काळात तिचे 104 भाग झाले आणि सुपरमॅन झाला जॉर्ज रीव्ह्ज.

गंमत अशी की सुपरमॅन जन्मला तेव्हा त्याला उडताच येत नव्हतं. 1938च्या पहिल्या चित्रकथेत तो फक्त उडी मारतो, तीही एका झेपेत मैलाचा आठवा भाग, म्हणजे साधारण दोनशे मीटर. मग 1940 साली तो रेडिओवर आला. रेडिओवर उडायला काय लागतं? वाऱ्याचा एक सूं आवाज. बाकीचं आकाश ऐकणारा स्वतःच उभं करतो.

पडद्यावर मात्र पंचाईत झाली. 1948च्या चित्रपटमालिकेत कर्क अ‍ॅलिनला तारांवर टांगून पाहिलं, पण तारा दिसायला लागल्या. शेवटी काय केलं असेल? हाडामांसाचा नट उडी घेतो आणि त्याच क्षणी त्याचं हातानं काढलेलं कार्टून होतं! ते कार्टून आकाशात उडतं आणि उतरल्यावर पुन्हा माणूस. आज बघताना थक्क व्हायला होतं, पण प्रेक्षकांनी तेही मान्य केलं होतं.

रीव्ह्जच्या वाट्यालाही आधी ताराच आल्या. तार जाड असली तर दिसते आणि बारीक असली तर भार पेलत नाही. एकदा आधार सुटला आणि रीव्ह्ज धाडकन खाली आला. मग थॉल सायमनसन या ट्रिकदृश्यांच्या जाणकारानं प्रश्नच फिरवला. एकाच माणसाला एकाच दृश्यात जमिनीवरून उचलून आकाशात न्यायचं, हा हट्ट कशाला? उड्डाणाचे तुकडे करा!

पहिला तुकडा झेपेचा. व्यायामशाळेत असतो तसा स्प्रिंगबोर्ड कॅमेऱ्याच्या चौकटीखाली लपवलेला. रीव्ह्ज धावत येतो, त्यावर पाय देतो आणि उसळून चौकटीबाहेर जातो. पलीकडे गाद्या अंथरलेल्या. तरुणपणी मुष्टियुद्ध खेळलेलं शरीर होतं, म्हणून त्या उडीत दम आहे.

दुसरा तुकडा आकाशातला. रीव्ह्जच्या अंगाच्या मापानं घडवलेला एक साचा पोशाखाच्या आत दडवायचा. तो साचा एका दांड्याला जोडलेला, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला तोल सांभाळणारं वजन. उलथन्यावर पोळी तोलून धरावी, तसा अख्खा माणूस आडवा तोललेला! दांडा थोडा कलला की सुपरमॅन वळण घेतो. समोरून पंख्याचा वारा, पाठीवर फडफडणारा झगा, मागे सरकणारं आकाश. तिसरा तुकडा उतरण्याचा, आणि तो सगळ्यात सोपा: चौकटीबाहेरच्या उंचवट्यावरून खाली उडी.

आता खरी कमाल बघा. यातल्या एकाही तुकड्यात कुणी उडत नाही. एकात माणूस उडी मारतो, एकात आडवा पडून राहतो, एकात खाली उतरतो. पण हे तिन्ही तुकडे जोडले आणि त्यांच्यावरून तो सूं आवाज सलग फिरवला, की आपला मेंदू त्यांचं एकच उड्डाण करतो. पहिल्या हंगामाचे निर्माते रॉबर्ट मॅक्सवेल हे आधी रेडिओवरचा सुपरमॅन घडवणारे. आवाजाच्या जोरावर आकाश उभं करणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

पोशाखाचीही अशीच करामत. पहिले दोन हंगाम कृष्णधवल. लाल आणि निळा हे रंग कृष्णधवल चित्रफितीवर जवळजवळ एकसारखे करडे दिसू शकतात. मग झगा कुठला आणि अंगरखा कुठला ते कळायचं कसं? म्हणून पोशाख शिवला तपकिरी आणि करड्या रंगांचा! पडद्यावर तो खुलून दिसला आणि मुलांनी मनातल्या मनात त्यात लाल-निळा भरला. तिसऱ्या हंगामापासून चित्रीकरण रंगीत झालं, खरा लाल-निळा पोशाख आला, तरी 1965पर्यंत हे भाग कृष्णधवलच दाखवले गेले. घरोघरी रंगीत संच येण्याआधीच पुढच्या काळासाठी रंग साठवून ठेवायचा, ही दूरदृष्टी मला फार मोठी वाटते.

रंगीत फीत महाग, म्हणून वर्षाला 26ऐवजी 13 भाग झाले आणि उड्डाणाची जुनी दृश्यं पुन्हापुन्हा वापरली जाऊ लागली. 1976 साली गॅरी ग्रॉसमन यांनी या मालिकेवर अख्खं पुस्तक लिहिलं. मनात आलं की जुना भाग लावून बघायची सोय तेव्हा घराघरांत नव्हती. आज ती आहे, तेव्हा एक करा. अशी धावत येऊन घेतलेली झेप असलेला एखादा भाग लावा आणि झेपेच्या क्षणी चेहऱ्याकडे बघू नका, चौकटीच्या खालच्या कडेकडे बघा. शेवटचं पाऊल तिच्याखाली पडतं. स्प्रिंगबोर्ड तिथेच आहे.