अदृश्य प्रकाशाची फिल्म

हिरवेगार झाड छायाचित्रात बर्फासारखे पांढरे, निरभ्र आकाश काळेभोर! ही किमया अवरक्त फिल्मची. रॉबर्ट वुड यांनी १९१० साली अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली. पाने अवरक्त किरण फारसे शोषत नाहीत, परतवतात. म्हणून ती उजळतात. कोडॅकची 'एचआयई' फिल्म तर पूर्ण अंधारातच कॅमेऱ्यात भरावी लागे. तिच्या पाठीशी परावर्तन रोखणारा थर नसल्याने उजळ भागांभोवती धूसर वलय उमटे. खरे सांगायचे तर मला मोह त्या वलयाचाच! २००७ मध्ये कोडॅकने ती बंद केली. इलफर्डची 'एसएफएक्स' आजही मिळते. पण तिची दृष्टी ७४० नॅनोमीटरच्या आसपास थांबते. गडद लाल फिल्टर लावल्यास झाडे उजळतात, इतकेच. गिऱ्हाईक मूठभर, माल नाजूक. 'एचआयई'सारखी फिल्म पुन्हा कोणी काढील, असे मला वाटत नाही.