हालचाल ओळखण्याची वीस वर्षं

२००४ साली एमआयटीतल्या लिंग बाओ आणि स्टीफन इंटिल यांनी २० जणांच्या कंबर, मनगट, दंड, मांडी आणि घोट्यावर अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातले बदल टिपणारे सेन्सर, बांधले. माणसं कपड्यांच्या घड्या घालत होती, दात घासत होती, जिने चढत होती आणि कोणतं काम कधी केलं याची नोंद स्वतःच ठेवत होती. २० प्रकारच्या कामांपैकी कोणतं चाललंय, हे संगणकाने ८४ टक्के वेळा बरोबर ओळखलं. मांडी आणि मनगट ही दोनच ठिकाणं ठेवली तरी फारसं बिघडत नाही, हेही कळलं.

त्या कामात न्यूरल नेटवर्क नव्हतं. सरासरी, ऊर्जा, कंपनसंख्या अशी वैशिष्ट्यं संशोधक हाताने काढत. पुढे फोनमध्येच अ‍ॅक्सेलरोमीटर आला. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठाने २९ जणांच्या खिशात अँड्रॉइड फोन दिले. इटलीतल्या जेनोव्हाच्या गटाने ३० जणांच्या कमरेला फोन बांधून सेकंदाला ५० नोंदी घेतल्या. त्यांचा २०१३ चा संच आजही जगभरचे विद्यार्थी वापरतात.

त्या संचातला एक तुकडा २.५६ सेकंदांचा, म्हणजे १२८ नोंदींचा. तो चालण्याचा असेल तर प्रत्येक पाऊल टेकताना एक टोक उमटतं आणि तेवढ्यात दोन पावलांचं आवर्तन सहज बसतं. माणूस स्थिर असेल तर उरतं फक्त गुरुत्वाकर्षण, आणि फोन किती कलला आहे हे त्यावरून कळतं. उभं राहा की खुर्चीत बसा, कमरेवरचा फोन जवळपास तसाच राहतो. म्हणूनच या दोन स्थितींमध्ये भल्या भल्या पद्धतींची गफलत होते.

२०१६ मध्ये ऑर्डोनेझ आणि रॉगन यांनी कन्व्होल्यूशन आणि एलएसटीएम या दोन प्रकारच्या न्यूरल नेटवर्कची जोडी जमवली. कच्चा सिग्नल थेट नेटवर्कला द्यायचा, वैशिष्ट्यं त्यानेच शोधायची. त्याचं कौतुक झालं ते योग्यच, पण माझ्या मते खरी कसोटी वेगळीच आहे: शिकवताना न पाहिलेल्या माणसावर ते चालतं का? एकाच माणसाचे तुकडे शिकवणीतही आणि परीक्षेतही आले, तर आकडे छान दिसतात आणि काहीच सिद्ध होत नाही.

ऑक्सफर्डच्या गटाचं काम मला म्हणूनच मोलाचं वाटतं. त्यांनी १५१ जणांना मनगटी पट्ट्यासोबत अंगावर कॅमेराही दिला, त्यामुळे प्रयोगशाळेबाहेरचं, रोजचं जगणं तपासता आलं. २०२४ मध्ये यूके बायोबँक या ब्रिटिश आरोग्यसंग्रहातल्या सुमारे सात लाख माणूस-दिवसांच्या नोंदींवर, एकाही नोंदीला कामाचं नाव न लावता, त्यांनी नेटवर्क शिकवलं. सिग्नल उलटा फिरवलाय का, तुकडे अदलाबदल झालेत का, ताणलाय का, एवढंच ओळखायला लावलं. अशा नेटवर्कला नंतर नावं लावलेल्या थोड्या नोंदीही पुरतात.

जेनोव्हाच्या संचात प्रकार सहाच: चालणं, जिना चढणं, उतरणं, बसणं, उभं राहणं, आडवं होणं. मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून भांडी घासणं, वाकून भात लावणं त्यात नाही. आता मोजक्या नोंदींत काम भागतं, तर कोकणातल्या लावणीच्या आणि आपल्या स्वयंपाकघरांतल्या नोंदी गोळा करायला हव्यात, आणि ती कामं करणाऱ्यांनीच त्यांना नावं लावून द्यायला हवीत.