बंदूक बिघडली? गावातला लोहार नको, कुरिअर तर नकोच. दुरुस्तीचा कायदेशीर मार्ग असा आहे

वाशिम : तूर फुलावर आली की वावरात जागल सुरू होते. रानडुकरं आणि रोह्यांच्या भीतीने पेटीतली जुनी बारा बोअर दुनळी बाहेर निघते आणि नेमकी तेव्हाच ती दगा देते. घोडा पडतो पण पिन काडतुसापर्यंत पोचत नाही. कुठे नळी मोडल्यावर पुन्हा घट्ट बसत नाही, कुठे दस्त्याला तडा गेलेला असतो. मग घरात चर्चा होते, "लोहाराकडे टाकून येऊ, पाच मिनिटांचं तर काम आहे." कुणी शहाणा मुलगा म्हणतो, "बाबा, कुरिअर करून टाकू नागपूरला."

दोन्ही सल्ले घातक आहेत. बंदुकीचा परवाना खिशात असूनही माणूस आरोपी होऊ शकतो.

आधी लोहाराचं बघू. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनवणे आणि विकणे याला जसा परवाना लागतो, तसाच दुरुस्तीलाही लागतो. तुमचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, लोहाराकडे दुरुस्तीचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीला किमान ७ वर्षे ते जन्मठेप इतकी शिक्षा कायद्यात आहे. नांगराचा फाळ शेवटून देणाऱ्या बिचाऱ्या माणसाला याची कल्पनाही नसते. तो ओळखीपोटी काम करून देतो आणि तुमच्यासोबत अडकतो. ज्याला शस्त्र ठेवण्याचा अधिकार नाही त्याच्या हवाली ते करणे, हा मालकाचाही गुन्हा ठरतो.

त्यात आणखी दोन फसगती आहेत. नळीचं तोंड फुटलं की "दोन बोटं कापून टाक" असं सहज सांगितलं जातं. पण नळी आखूड करायला कलम ६ नुसार वेगळा परवाना लागतो. साध्या नळीच्या बंदुकीचा विचार करताना कायदा किमान २० इंच नळी धरून चालतो, हेही लक्षात असू द्या. दुसरं म्हणजे गंज काढायला पॉलिश पेपर मारला आणि कोरलेला नंबर पुसट झाला, तर कलम ८ प्रमाणे तो नंबर तुम्हीच खोडला असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. गंज परवडला, पण घासलेला नंबर परवडत नाही.

आता कुरिअर. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ फिरतात, त्यात माणूस पिस्तूल खोक्यात भरतो आणि कारागिराला पार्सल करतो. तिथे परवानाधारक कारागिराकडे हत्यार पाठवायला कायद्यात वाव आहे. पण त्या देशातही १९२७ च्या कायद्याने सामान्य माणसाला पिस्तूल टपालात टाकायला मनाई केली होती. आपल्याकडे बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या नियमांत शस्त्रांना बंदी आहे. "घरगुती सामान" लिहून पार्सल टाकलं आणि वाटेत ते मशीनखाली उघड झालं, तर पोलीस पावतीवरचं नाव वाचत थेट तुमच्या दारात येतील. "अख्खी बंदूक नाही, नुसता घोडा पाठवतो" ही पळवाटही चालत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागसुद्धा शस्त्रच आहेत.

मग बंदूक न्यायची कशी? सरळ मार्ग म्हणजे ज्याच्या नावावर परवाना आहे त्यानेच ती घेऊन जाणे. पण परवानाधारक पंच्याहत्तरीचा असेल, गुडघ्याने अधू असेल, तर? कायद्याने याचा विचार केला आहे, आणि हे फारसं कुणाला माहीत नसतं. कलम ३ च्या परंतुकानुसार परवानाधारक सोबत असताना, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरी व्यक्ती स्वतःचा परवाना नसतानाही दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकते. म्हणजे मुलगा नेऊ शकतो, पण वडिलांच्या सहीच्या कागदावर. तोंडी "बाबांनी सांगितलंय" नाकाबंदीत चालत नाही.

त्या कागदावर काय लिहावं? वडिलांचं आणि मुलाचं नाव, परवाना क्रमांक, बंदुकीचा प्रकार आणि नंबर, कोणत्या दुकानात न्यायची, कशाच्या दुरुस्तीसाठी, जाण्याची आणि परतण्याची तारीख. सोबत मूळ परवाना आणि दोघांची ओळखपत्रे ठेवावीत. हे अधिकारपत्र नेण्या-आणण्यापुरतं आहे. त्या जोरावर बंदूक मुलाच्या शहरातल्या खोलीवर महिनाभर ठेवता येत नाही.

वडील वारले असतील तर मात्र हा मार्ग बंद. मृत माणसाचं अधिकारपत्र नसतं. अशा वेळी कलम २१ प्रमाणे बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी आणि मग वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावा. दुरुस्तीचं नंतर बघता येईल. कितीतरी घरांत हेच राहून जातं आणि बंदूक माळ्यावर पडून राहते.

निघण्याआधी परवाना नीट वाचा. मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण. परवान्यावर युआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक, आहे का ते पाहा. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीचे जुने परवाने अकोल्याचे, त्यामुळे नोंदी जुळतात का याची खात्री जिल्हाधिकारी कार्यालयात करून घेतलेली बरी. तिथेच दुरुस्तीचा परवाना असलेले कारागीर कुठे आहेत हेही विचारा. नुसतं विक्रीचं दुकान पुरेसं नाही, त्याच्या परवान्यात दुरुस्तीचा उल्लेख हवा. तो दाखवा म्हणायला लाजू नका.

परवान्यावर क्षेत्रही लिहिलेलं असतं. ते फक्त महाराष्ट्र असेल तर हैदराबादचा कारागीर कितीही नावाजलेला असला तरी तुमच्या कामाचा नाही. ज्यांच्याकडे .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे त्यांनी हे विशेष बघावं. कारखाना कानपूरचा म्हणून तडक कानपूरला निघू नये. आधी क्षेत्र वाढवून घ्यावं, नाहीतर महाराष्ट्रातलाच कारागीर गाठावा. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० मध्ये ६ महिन्यांपर्यंत कैद, २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे.

प्रवासाचा दिवस निवडतानाही डोकं वापरा. सण, मोर्चे यांच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश निघतात, त्यात शस्त्र घेऊन फिरायला बंदी असते. म्हणून आपल्या ठाण्यात आधी विचारून, शक्य असेल तर लेखी कळवून निघावं. बंदूक रिकामी, कव्हरमध्ये बंद, काडतुसं घरी कुलपात. नळीत काडतूस अडकलं असेल तर ती तशीच गाडीत टाकून नेऊ नका. तोंड मोकळ्या जागेकडे ठेवून ठाण्याला फोन करा. वाटेत यात्रा, मिरवणूक, शाळा-कॉलेजचं आवार येणार असेल तर बंदूक घेऊन तिथे थांबायचं नाही.

कारंजाकडच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांना वन विभागाकडे नावनोंदणी करावी लागते. काटेपूर्णा अभयारण्याजवळच्या गावांनाही हेच लागू. शॉर्टकट म्हणून अभयारण्यातून गाडी घालू नका. दुरुस्त झालेली बंदूक रोह्यावर चालवायची असेल, तर वन विभागाची परवानगी हा आणखी वेगळा कागद आहे.

दुकानात बंदूक दिली की पावतीवर तिचा नंबर, परवाना क्रमांक, बिघाड आणि तारीख लिहून घ्या, फोटोही काढून ठेवा. निवडणूक लागली आणि पोलिसांनी शस्त्र जमा करायला सांगितलं, तर "दुरुस्तीला आहे" म्हणताना हीच पावती दाखवावी लागेल. परत घेताना नंबर पावतीशी ताडून पाहा, कोणता भाग बदलला ते बिलावर लिहून मागा. आणि ठाण्यात जाताना कळवलं असेल, तर बंदूक घरी आल्याचंही कळवून टाका.