वेग शिकावा कुठे?

मोटारींच्या शर्यतीचे नाव काढले, की आपल्या मनात एक तर श्रीमंतांचा छंद उभा राहतो, नाही तर जिवावर उदार झालेल्या तरुणांचा खेळ. या कल्पना सर्वस्वी खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. परंतु त्या खेळाच्या पोटात एक शिक्षण दडलेले आहे, आणि जिथे घरोघरी दुचाकी आली आहे अशा आपल्यासारख्या गावांतील माणसांनी ते समजून घेण्याजोगे आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर वेगाने गाडी चालविण्याचे रीतसर शिक्षण देणाऱ्या शाळा आज अनेक देशांत आहेत. तिथे नेमके काय शिकवतात, आणि त्यातले आपल्या रस्त्यावर किती उपयोगी पडते, एवढ्या दोनच प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

मुळात ट्रॅक बांधले का गेले, हेच आधी पाहू. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने सार्वजनिक रस्त्यावर मोटारीला तासाला २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, एवढीच परवानगी होती. मोटार तर त्याहून किती तरी जोराने पळू लागली होती. तेव्हा ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यात ब्रुकलँड्स येथे स्वतःच्या जमिनीवर १९०७ मध्ये खास मोटारींसाठी ट्रॅक बांधला. वेगाला वस्तीपासून दूर, कुंपणाच्या आत जागा मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या लष्करी विमानतळांचाही असाच उपयोग झाला. इंग्लंडमधील स्नेटर्टन हा त्यांपैकी एक. तिथे जिम रसेल याने १९५० नंतरच्या दशकात शर्यतीच्या चालकांसाठी शाळा काढली. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकाळातील धावपट्टीवर शर्यती होत असत. पुढे १९९० मध्ये श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे कायमचा ट्रॅक तयार झाला. आज तिथे, आणि कोइमतूरजवळच्या करी ट्रॅकवरही, असे शिक्षण घेता येते.

अशा शाळेत पहिल्या दिवशी वेग शिकवीतच नाहीत. आधी बसायला शिकवतात. पाठ आसनाला पूर्ण टेकलेली, ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला, आणि हात स्टिअरिंगवर घड्याळातल्या नऊ व तीनच्या जागी. चालकाने स्टिअरिंगला लोंबकळायचे नसते. गाडीची हालचाल त्याच्या पाठीला आणि मांड्यांना कळली पाहिजे. मग निशाणे. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, ओलांडून जाऊ नका. लाल म्हणजे फेरी थांबली. निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. हे ज्याला पाठ नाही त्याच्या हाती गाडी देत नाहीत. बेफाम वेगाचे म्हणून जे ठिकाण आपण समजतो, तिथे शिस्तीपासून आरंभ होतो.

यानंतर येतो या विद्येचा मूळ सिद्धांत. टनभर वजनाची मोटार रस्त्याला कुठे टेकते? चार टायरांच्या तळाशी, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या जागेवर. वेग वाढविणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे या चार तळहातांच्या पकडीवरच व्हायची. ही पकड म्हणजे कामगाराच्या महिन्याच्या पगारासारखी असते. रक्कम ठरलेली. सगळी किराण्यात गेली तर मुलांच्या फीला काही उरत नाही; आणि थोडी इकडे, थोडी तिकडे अशी वाटली तर दोन्ही भागते. तसेच सगळी पकड ब्रेकमध्ये खर्ची पडली, तर वळायला काही शिल्लक राहत नाही, आणि तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. म्हणून नवशिक्याला सांगतात की ब्रेक सरळ रस्त्यावर लावून घ्या, वळण सुरू होता होता तो हळूहळू सोडा, आणि वळण सुटू लागले की मग ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा. पावसात हा पगार जवळजवळ निम्म्यावर येतो. खर्च मात्र आपण पूर्वीचाच ठेवतो, आणि दिवाळे वाजते.

ब्रेकचे गणित तर प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहावे. कोरड्या चांगल्या रस्त्यावर चांगले टायर असलेली गाडी ताशी ५० किलोमीटर वेगात असेल, तर ब्रेक लागल्यापासून ती साधारण १२ मीटरांत थांबते. १०० च्या वेगात हे अंतर दुप्पट होत नाही. चौपट, म्हणजे ४९ मीटर होते. कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यात संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा एक सेकंद अजून धरलेला नाही. तो धरला तर ५० च्या वेगाची गाडी एकूण २६ मीटरांत थांबते. आता तिच्या शेजारून ७० च्या वेगाने दुसरी गाडी जात आहे असे समजा. पहिली जिथे उभी राहिली, तिथे ही दुसरी अजून जवळजवळ ६० च्या वेगाने धावत असते. वेगातला फरक फक्त २० चा. पण समोर मूल आले असेल तर त्याच्या दृष्टीने तो जगण्यामरण्याचा फरक आहे. शाळेत हे फळ्यावर दाखवून थांबत नाहीत. रस्त्यावर शंकू मांडतात, विद्यार्थ्याला वेगवेगळ्या वेगांनी आणून ब्रेक लावायला लावतात, आणि गाडी जिथे थांबली तिथपर्यंत पायी चालत जायला सांगतात. ते अंतर पायांनी मोजलेला माणूस सहसा विसरत नाही.

वळणाचे शास्त्रही असेच. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या रस्त्याची पकड साधारण ताशी ७० किलोमीटरपर्यंत पुरते. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर १०० पर्यंत. म्हणून ट्रॅकवरचा चालक रस्त्याची सगळी रुंदी वापरून वळण सरळ करून घेतो. बाहेरच्या कडेने शिरायचे, मध्ये आतल्या कडेला लगटून जायचे आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचे. आतल्या कडेच्या त्या बिंदूला एपेक्स म्हणतात. तो थोडा उशिरा गाठावा, म्हणजे पुढचे वळण उघडे दिसते आणि बाहेर पडताना रस्ता संपत नाही. शिरताना सावकाश, निघताना जोरात, असा या धड्याचा सारांश. पण इथेच एक इशारा द्यायला हवा. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात, म्हणून सगळा रस्ता चालकाचा. घाटात अर्धा रस्ता समोरून येणाऱ्याचा असतो. तिथे ट्रॅकची वाट धरणे म्हणजे दुसऱ्याच्या हक्कावर अतिक्रमण होय.

घाटात तसाच्या तसा उपयोगी पडणारा धडा नजरेचा आहे. गाडी बहुधा चालकाच्या नजरेमागे जाते. खड्ड्याकडे टक लावून पाहिले, की चाक नेमके खड्ड्यात. म्हणून नजर बॉनेटवर नको, पुढच्या वळणावर हवी. ओल्या केलेल्या फरशीवर गाडी मुद्दाम घसरवून हाच धडा देतात. पुढची चाके घसरली तर आणखी वळवून उपयोग नाही; पाय सैल सोडून पकड परत येऊ द्यायची. मागची घसरली तर ज्या बाजूला मागचा भाग चालला असेल त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचे, आणि डोळे जायचे असेल तिकडे.

हे सर्व शिकलेला माणूस रस्त्यावर अधिक सुरक्षित होतो काय? सहज उत्तर ‘होय’ असे येईल. अनुभव मात्र तसा नाही. नॉर्वेमध्ये १९७९ पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी हाताळण्याचे शिक्षण सक्तीचे झाले. १९८८ मध्ये त्याच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचे दिसले. कारण उघड आहे. हातात जेवढे कसब आले, त्याच्या दुप्पट विश्वास मनात आला. पुढे तिथे गाडी सावरण्यापेक्षा धोका आधीच ओळखून टाळण्यावर भर देण्यात आला. कसब शिकवणाऱ्याने त्याच दमात कसबाची मर्यादाही शिकवली नाही, तर शिक्षणच घातक ठरते.

ही मर्यादा सर्वांत स्पष्ट सांगितली ती एका जगज्जेत्यानेच. जॅकी स्ट्युअर्ट हा स्कॉटिश चालक १९६९, १९७१ आणि १९७३ मध्ये जगज्जेता झाला. हिसका न देता, हळुवार गाडी चालविण्याबद्दल त्याची ख्याती. १९६६ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे पावसात पहिल्याच फेरीत त्याची गाडी रस्ता सोडून आदळली. तो आत अडकून पडला, अंगावर पेट्रोल गळत होते, आणि सोडवायला तिथे ना डॉक्टर, ना हत्यार. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोन सहचालकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून घेऊन त्याला बाहेर काढले. यानंतर स्ट्युअर्टने मला आणखी कसब हवे असे म्हटले नाही. ट्रॅकच्या कडेला कठडे हवेत, डॉक्टर हवेत, पट्टे हवेत, अशी मागणी त्याने लावून धरली. चालकांची संघटना १९६१ मध्येच निघाली होती. तिच्या बळावर चालकांनी १९६९ मध्ये स्पा येथे उतरायला नकार दिला आणि ती शर्यत रद्द झाली. अनेकांनी त्यांना भित्रे म्हटले. कारखान्यात यंत्रावर जाळी मागणाऱ्या कामगारालाही हाच शब्द ऐकावा लागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. बाँड्युरंट १९६७ मध्ये स्वतः मोठ्या अपघातात सापडला, आणि १९६८ मध्ये त्याने अमेरिकेत चालकांची शाळा काढली.

आता आपल्या रस्त्याकडे येऊ. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू सरकारी नोंदीत अतिवेगाच्या नावे लागले. वेग हे कारण खरेच आहे. पण नोंदीत चालकाचा वेग लिहिणे सोपे असते. त्याला वेगाचे गणित कोणी, कुठे शिकवले, हे लिहायला रकाना नाही. फॉर्म्युला वनची शर्यत नियमानेच सुमारे दोन तासांत संपते, आणि तिचा चालक ताजातवाना असतो. आपला ट्रकचालक रात्रभर चालवतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला सर्वसाधारणपणे आठ तासांची मर्यादा घातली होती; ती किती ठिकाणी पाळली जाते, हे महामार्गावरच्या कोणत्याही धाब्यावर विचारावे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता मोटारीला ताशी १२० चा वेग देतो. त्या वेगात थांबायला किती अंतर लागते हे कळण्याची जागा मात्र त्याच्या वाटेवर नाही.

प्रत्येकाने शर्यतीत उतरावे, असे माझे सांगणे नाही. परंतु परवाना देण्यापूर्वी मोकळ्या मैदानावर शंकू मांडून एकदा पूर्ण ब्रेक लावून पाहणे, ओल्या फरशीवर गाडी एकदा घसरू देणे, आणि थांबण्याचे अंतर पायी चालून मोजणे, एवढे तरी प्रत्येक चालकाच्या वाट्याला यावे. मालमोटारी आणि बसगाड्या चालविणाऱ्यांच्या वाट्याला तर ते पगारी वेळेत यावे. चूक केल्यावाचून मर्यादा कळत नाही. ट्रॅकवर त्या चुकीचा भार वाळूचा पट्टा आणि रबरी टायरांची भिंत सोसते. रस्त्यावर तो पायी चालणाऱ्या माणसाला सोसावा लागतो, आणि त्याने तर काहीच शिकायला मागितलेले नसते.