फ्लॅप झडप

फ्लॅप झडप (प्रचलित नाव: फ्लॅप व्हॉल्व्ह) ही सांडपाण्याच्या किंवा पावसाळी पाण्याच्या नलिकेतून पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप होय. नलिका जिथे नदीत, नाल्यात किंवा मोठ्या गटारात उघडते, तिथे ती बसवली जाते. पुराचे पाणी नलिकेतून उलट येऊन वस्तीत शिरू नये, हा तिचा उद्देश असतो. ती चालवण्यासाठी वीज किंवा माणूस लागत नाही.

उलट प्रवाहाचे कारण

गटारे उताराने वाहतात. नदीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर गेली की बाहेर जाणारे पाणी तुंबते. ती वस्तीतील सखल भागाहूनही वर गेल्यास नदीचे पाणी त्याच नलिकेतून आत येते. त्यामुळे काठावर संरक्षक भिंत असूनही तिच्यामागील वस्ती जलमय होऊ शकते. सांडपाण्याच्या गटारात असे घडल्यास मैलापाणी न्हाणीतून किंवा शौचकूपातून घरात येते.

रचना व कार्य

नलिकेच्या तोंडाशी एक चौकट असते व तिच्या वरच्या कडेला बिजागरीने झाकण टांगलेले असते. चौकट किंचित कललेली ठेवल्यास झाकण स्वतःच्या वजनाने मिटते. आतल्या पाण्याचा दाब अधिक असला की झाकण उघडते. बाहेरचा दाब वाढला की ते चौकटीवर घट्ट बसते. 600 मिलिमीटर व्यासाच्या झाकणाच्या मध्यापासून बाहेरचे पाणी 1 मीटर उंच असेल आणि नलिका रिकामी असेल, तर झाकणावर सुमारे 280 किलो वजनाइतके बल पडते. म्हणजे पूर जितका मोठा, तितकी झडप अधिक घट्ट मिटते.

झाकण बीड, गंजरोधक पोलाद किंवा प्लास्टिकचे असते. बदकाच्या चोचीच्या आकाराच्या रबरी झडपाही वापरात आहेत. त्यांना बिजागरी नसते. घरगुती वापराची लहान झडप चेंबरमध्ये बसवतात. तुंबलेल्या गटारातील पाणी रस्त्यावरील चेंबरच्या झाकणापर्यंत चढते व मगच बाहेर सांडते. त्यामुळे त्या झाकणापेक्षा खालच्या पातळीवर न्हाणी किंवा शौचालय असलेल्या घरांना अशा झडपेची विशेष गरज असते.

वऱ्हाडातील परिस्थिती

अकोला शहर मोर्णा नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. मोर्णा ही पूर्णा नदीची उपनदी असून पूर्णा पुढे चांगदेव येथे तापीला मिळते. पूर्णेचे खोरे सपाट असल्याने मोठ्या पुरात उपनद्यांच्या पाण्याला फुगवटा येतो आणि पाणी ओसरण्यास वेळ लागतो. जुलै 2021 मधील अतिवृष्टीत मोर्णेला पूर येऊन अकोल्यातील नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. अमरावती शहरातून अंबा नाला वाहतो. अशा लहान नाल्यांची पातळी पावसाबरोबर झपाट्याने चढते व लवकर उतरते. तिथे झडप थोडाच वेळ बंद राहते. मोठ्या नदीच्या काठी मात्र ती अनेक तास बंद राहू शकते.

या भागातील काळी कापसाची जमीन ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या हालचालीने नलिकांचे सांधे निखळतात व चौकट तिरपी होते. चौकट तिरपी झाल्यास झाकण पूर्ण मिटत नाही. म्हणून झडपेची चौकट पक्क्या काँक्रीटच्या भिंतीत बसवणे आवश्यक ठरते.

मर्यादा

झडप नदीला बाहेर थोपवते, परंतु ती बंद असताना वस्तीत पडणाऱ्या पावसालाही वाट उरत नाही. नदीला पूर आणि शहरात मुसळधार पाऊस एकाच वेळी असल्यास झडपेच्या आत पाणी साचत जाते. त्यासाठी साठवण तळे किंवा पंप यांची जोड लागते. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीमुळे पाण्याचा समुद्राकडे निचरा होण्यात अडथळा आला. त्यानंतर हाजी अली, इर्ला आदी ठिकाणी पावसाळी पाणी समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे उभारण्यात आली. घरगुती झडपेबाबतही हेच लागू पडते: ती बंद असताना घरातील नळ चालू ठेवल्यास घरातलेच सांडपाणी आत साचते.

दुसरी मर्यादा कचऱ्याची आहे. प्लास्टिक, पऱ्हाट्या किंवा जलकुंभी झाकणाखाली अडकल्यास झडप अर्धवट उघडी राहते आणि ऐन पुरात निरुपयोगी ठरते. मोर्णेच्या पात्रात जलकुंभीची मोठी वाढ झाली होती. ती काढण्यासाठी जानेवारी 2018 मध्ये अकोल्यात लोकसहभागातून स्वच्छता मोहीम राबवण्यात आली.

देखभाल

पावसाळ्यापूर्वी झाकण हाताने उचलून ते सहज हलते व पूर्ण मिटते का, हे पाहतात. बिजागरीला वंगण देणे, झिजलेली रबरी पट्टी बदलणे आणि तोंडापुढील गाळ काढणे ही नेहमीची कामे होत. तोंडापुढे गाळ साचल्यास झाकण उघडतच नाही व पूर नसतानाही वस्तीत पाणी तुंबते. नलिकेत वरच्या बाजूस जाळी बसवल्यास शहरातून येणारा कचरा झडपेपर्यंत पोहोचत नाही. मात्र जाळीही वेळोवेळी साफ करावी लागते. प्रत्येक मोठ्या पुरानंतर पुन्हा तपासणी करणे इष्ट असते.

हे सुद्धा पहा

मोर्णा नदी
पूर्णा नदी
भूमिगत गटार
पूर नियंत्रण