गाडी निवडा मागच्या रांगेतून

तीन रांगांच्या गाडीचे सांगली-कोल्हापूर पट्ट्याला कधीच नवल नव्हते. वडापच्या ट्रॅक्स आणि कमांडर जीपमध्ये मागे समोरासमोर दोन बाकडी असत, मध्ये पोती-पिशव्या आणि फळीवर उभा क्लीनर. घरच्या वापरासाठी 1994 साली टाटा सुमो आली, 2000 साली क्वालिस आणि 2005 साली इनोव्हा. आज जयसिंगपूरच्या सरळ आखलेल्या गल्ल्यांतून फॉर्च्युनर, सफारी, हायक्रॉस सर्रास दिसतात, आणि अधूनमधून कोटीच्या पुढची मर्सिडीजही. पैसे वाढले, चामड्याच्या सीटा आल्या, काचेचे छप्पर आले. मात्र गाडी निवडण्याची पद्धत तीच राहिली. घरातला कर्ता पुरुष स्टिअरिंगवर बसतो, बॉनेट बघतो, मोठा स्क्रीन बघतो आणि बुकिंगची रक्कम भरून मोकळा होतो. तिसऱ्या रांगेत कोण बसणार, हे पहिल्या पौर्णिमेला नृसिंहवाडीला निघताना कळते.

तीन रांगांची गाडी मागून पुढे निवडावी. शेवटच्या रांगेपासून सुरुवात केली की निम्मे पर्याय आपोआप गळतात. कसे, ते क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न: मागे कोण, आणि किती वेळा?

कागदावर तीन याद्या करा. रोज गाडीत किती माणसे असतात? महिन्यातून एक-दोनदा किती? वर्षातून एखाद्या वेळी किती? रोज चार, महिन्यातून एकदा सहा आणि जोतिबाच्या यात्रेला किंवा लग्नाला आठ, असे उत्तर बहुतेक एकत्र कुटुंबांत येते.

वर्षातून चार-पाच वेळाच सात जण निघत असतील, तर चांगली पाच सीटची गाडी घ्यावी आणि त्या दिवसापुरती भाड्याची इनोव्हा सांगावी. पैशाच्या हिशेबात हेच शहाणपणाचे. सात जण दर पंधरवड्याला निघत असतील, तर तिसरी रांग ही चैन नव्हे, गरज ठरते. मग ती रांग मोठ्या माणसाची हवी की मुलांची, हे आधी ठरवा. साडेपाच फुटांच्या वरच्या माणसाला दोन तास नीट बसता येईल अशी तिसरी रांग फार थोड्या गाड्यांत मिळते.

गुडघे वर का येतात?

तिसऱ्या रांगेत बसले की गुडघे छातीकडे येतात आणि मांड्यांना आधार राहत नाही. याचे कारण गाडीच्या बांधणीत आहे.

फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एन यांची बॉडी लॅडर फ्रेमवर, म्हणजे पोलादी शिडीसारख्या सांगाड्यावर बसवलेली असते. सांगाडा आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यामुळे मागची फरशी उंच जाते. फरशी उंच आणि छप्पर तेवढेच, म्हणून सीट जवळजवळ फरशीवर ठेवावी लागते. सफारी, एक्सयूव्ही 700 किंवा इनोव्हा हायक्रॉस या मोनोकॉक गाड्या. त्यांत वेगळा सांगाडा नसतो, बॉडीच भार पेलते, त्यामुळे फरशी खाली घेता येते. विजेवरच्या तीन रांगांच्या गाडीत बॅटरी फरशीखालीच असते, म्हणून तिथेही पाय किती उंचावतात हे बसूनच बघावे.

दुसरी गोष्ट व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची. गाडीच्या एकूण लांबीवरून आतली जागा कळत नाही. फॉर्च्युनरची लांबी 4795 मिमी, हायक्रॉसची 4755 मिमी, म्हणजे फॉर्च्युनर जरा लांबच. पण फॉर्च्युनरचा व्हीलबेस 2745 मिमी आणि हायक्रॉसचा 2850 मिमी आहे. चाकांमधले हे चार इंच जास्तीचे अंतर थेट मागच्या दोन रांगांच्या कामी येते. फॉर्च्युनरच्या लांबीतला बराच भाग उंच, रुबाबदार बॉनेट खाते. मर्सिडीज जीएलएसचा व्हीलबेस तीन मीटरच्या पुढे जातो, म्हणूनच तिच्या तिसऱ्या रांगेत मोठा माणूस बसू शकतो. मात्र ती गाडी सव्वापाच मीटरच्या आसपास लांब आहे. जुन्या घराच्या फाटकातून ती आत वळेल का, हे आधी टेप लावून मोजावे.

तिसरी रांग साधारण मागच्या अ‍ॅक्सलच्या वर येते. खड्ड्यातला प्रत्येक दणका तिथे सगळ्यात जास्त जाणवतो, आणि काचाही लहान असतात. घाटात गाडी लागणारी माणसे मागे बसली की जास्त त्रास होतो, तो यामुळेच. आंबा घाटाने रत्नागिरीला किंवा आंबोलीमार्गे गोव्याला वरचेवर जाणे असेल, तर ही बाब हलक्यात घेऊ नका.

आजी मागे जाणार कशी?

मागे बसण्याआधी मागे पोहोचावे लागते. दुसऱ्या रांगेत दोन प्रकार मिळतात. सलग बेंच सीट, म्हणजे गाडी बहुधा सात सीटची. दोन स्वतंत्र कॅप्टन सीट, म्हणजे एक जागा कमी, गाडी बहुधा सहा सीटची. कॅप्टन सीटच्या मधल्या वाटेने मुले मागे पळतात, पण ती वाट अरुंद असते आणि मोठ्या माणसाला अवघड जाते. बेंच सीट असेल तर एका बाजूची सीट एका ओढीत दुमडून पुढे सरकते का, आणि ती दुमडायला किती ताकद लागते, हे बघा. सेल्समनने दुमडून दाखवू नये, घरातल्या बाईने दुमडावी.

मूल लहान असेल तर आणखी एक पेच आहे. सीटमधल्या कड्यांना अडकणारी आयसोफिक्सची बालसीट दुसऱ्या रांगेत लावली की बहुतेक गाड्यांत त्या बाजूची सीट पुढे दुमडता येत नाही, म्हणजे मागे जायची एक वाट बंद. बालसीट दोन असतील तर कॅप्टन सीटवाली गाडीच सोयीची, कारण मधली वाट तरी उरते.

म्हातारी माणसे सहसा दुसऱ्या रांगेतच बसतात. त्यांच्यासाठी पायरीची उंची हा कळीचा मुद्दा. नऊवारी नेसलेल्या आजीला फॉर्च्युनरमध्ये चढताना फूटबोर्ड आणि वरचा दांडा, दोन्ही लागतात. हायक्रॉससारख्या गाडीत सीट कमरेच्या उंचीवर येते, म्हणून बसणे सोपे. गुडघ्यांचे दुखणे असलेल्या घरात एवढ्या एका गोष्टीवर निर्णय फिरू शकतो.

सात माणसे बसली, बॅगा कुठे?

जाहिरातीत डिकीचा मोठा आकडा छापलेला असतो, तो बहुधा तिसरी रांग दुमडल्यानंतरचा. तिन्ही रांगा उभ्या केल्यावर बहुतेक गाड्यांत दोन-तीन पिशव्यांपुरतीच जागा राहते. शोरूममध्ये जाताना घरची मोठी ट्रॉली बॅग बरोबर न्या आणि तिन्ही रांगा उभ्या असताना ती मागे बसते का पाहा. दरवाजा लागला नाही, तर सात जणांच्या मुक्कामी प्रवासाला कॅरिअर लागणारच. तिसरी रांग कशी दुमडते तेही बघा. काही गाड्यांत ती फरशीत सपाट जाते, फॉर्च्युनरमध्ये ती दोन्ही बाजूंना टांगली जाते आणि रुंदीतली जागा खाते.

वजनाचा हिशेब

हा हिशेब जवळपास कोणीच करत नाही. गाडीच्या कागदपत्रांत रिकामे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी उचलू शकेल तेवढा भार. सरासरी 65 किलोची सात माणसे म्हणजे 455 किलो. वर 15 किलोच्या पाच बॅगा धरल्या तर 75 किलो. एकूण 530 किलो. त्यात काकवीचे डबे आणि गुळाच्या ढेपा आल्या की आकडा आणखी वर. हा भार कमाल मर्यादेत बसतो का, हे खरेदीआधीच ताडून घ्या.

भार वाढला की मागची बाजू बसते, गाडीची जमिनीपासूनची उंची कमी होते आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरमधल्या हवेचे आकडे लिहिलेले असतात. त्यात रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतील, तर सात जण निघताना भरल्या गाडीचा आकडा पाळा. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, खालच्या गिअरवर उतरा.

तारे काय सांगतात आणि काय नाही

भारत एनकॅप ही आपली सुरक्षा चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली आणि सफारी-हॅरिअर या पहिल्या पाच तारे मिळवणाऱ्या गाड्या ठरल्या. या चाचणीत गाडी ताशी 64 किमी वेगाने अडथळ्यावर समोरून आदळवतात. पुढे दोन मोठ्या माणसांचे पुतळे आणि दुसऱ्या रांगेत मुलांचे पुतळे असतात. तिसऱ्या रांगेत पुतळा नसतो. म्हणजे पाच तारे हे पुढच्या दोन रांगांचे प्रशस्तिपत्र आहे. मागच्या रांगेची चौकशी तुम्हालाच करावी लागेल.

तीन गोष्टी विचारा. तिसऱ्या रांगेत प्रत्येकाला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का? बाजूची पडदा-एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते का? शेवटच्या माणसाचे डोके आणि मागची काच यांत किती अंतर उरते? मागून धडक बसली, तर पहिला फटका त्याच डोक्याला असतो.

मागे बसून पट्टा न लावण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात महागड्या, दणकट गाडीतही मागे बिनपट्ट्याने बसलेले दोघे गेले. कायद्याने पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे आणि दंड एक हजार रुपये.

आपल्या रस्त्यांची एक खास अडचण हंगामात येते. नोव्हेंबर ते मार्च रात्रीच्या वेळी उसाच्या ट्रॉल्या दिव्याविना, रिफ्लेक्टरविना चालतात. आपोआप ब्रेक लावणारी एडास यंत्रणा आता अनेक गाड्यांत मिळते, ती जरूर घ्या. पण बाहेर आलेली उसाची टोके ती वेळेत ओळखेलच, या भरवशावर वेग वाढवू नका.

इंजिन आणि चाके

सात माणसांसह घाट चढायचा तर कमी आरपीएमवर मिळणारी ओढ महत्त्वाची, आणि तिथे डिझेल सरस. पण आताच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. रोज शाळा, बाजार आणि फार तर सांगली एवढीच धाव असेल, तर डीपीएफ भरत राहतो आणि दिवा लागतो. पुण्याला महिन्यातून दोन-तीनदा जाणारे असाल तर चिंता नाही.

रोजची धाव छोटी आणि थांबत-थांबत असेल, तर स्ट्राँग हायब्रिड पेट्रोल गाडी जास्त सोयीची. ब्रेक लावताना ती बॅटरी भरून घेते आणि कमी वेगात मोटरवर चालते. शहरी वापरात तिची बचत डोळ्यांत भरते, हायवेवर कमी दिसते.

फोर बाय फोरचा मोह बहुतेकांनी आवरावा. शिरोळ तालुक्यातल्या काळ्या रानात पावसाळ्यात खरोखर गाडी घालणाऱ्यालाच त्याचा उपयोग. आणि पुराच्या पाण्याला कोणतीच गाडी उत्तर नाही. 2019 आणि 2021 साली शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गच बंद झाला होता. पाणी इंजिनात गेले की साधा विमा सहसा कामी येत नाही. या भागात इंजिन संरक्षणाची जोड घेणे शहाणपणाचे.

किंमत

22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला आणि जीएसटी सरसकट 40 टक्के झाला. त्याआधी मोठ्या एसयूव्हीवर कर-सेस मिळून 50 टक्क्यांपर्यंत जात असे. विजेवरच्या गाड्यांवर 5 टक्के.

त्यावर राज्याचा रोड टॅक्स. 20 लाखांच्या वरच्या खासगी गाडीला महाराष्ट्रात पेट्रोलसाठी 13 टक्के, डिझेलसाठी 15 टक्के. 30 लाखांच्या गाडीवर पेट्रोलला सुमारे 3 लाख 90 हजार, डिझेलला साडेचार लाख. गाडी कंपनीच्या नावावर घेतली, तर दर 20 टक्क्यांवर जातो. उद्योगाच्या खात्यातून गाडी घेण्याआधी सीएला हा आकडा विचारा. दहा लाखांवरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतात, तो आयकर विवरणात वळता करून घेता येतो.

सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हाही किमतीचाच भाग. सांगली आणि कोल्हापूर दोन्ही जवळ असल्याने नेहमीच्या कंपन्यांची अडचण नाही. आलिशान ब्रँड घेताना मात्र मोठी दुरुस्ती कोल्हापुरात होते की गाडी पुण्याला न्यावी लागते, हे लेखी विचारा.

शेवटचा निवाडा

वारंवार सहा-सात माणसे, म्हातारी मंडळी आणि मुख्यतः डांबरी रस्ता असेल, तर इनोव्हा हायक्रॉससारखी बुटकी, लांब व्हीलबेसची गाडी रुबाबात कमी पण घरच्यांसाठी सर्वांत सुखाची. रोज चार-पाच जण आणि मागे अधूनमधून मुले असतील, तर सफारी किंवा एक्सयूव्ही 700 पुरेशी. खराब रस्ते, शेत आणि दीर्घकाळ टिकाऊपणा हवा असेल आणि मागची रांग क्वचितच लागणार असेल, तर फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एन. मागे मोठ्यांना खरे सुख हवे आणि पैशाची अडचण नाही, तर जीएलएसच्या वर्गातली गाडी.

ट्रायलला जाताना सगळे घर बरोबर घेऊन जा. पहिली दहा मिनिटे गाडी घरातल्या दुसऱ्या कोणाला चालवू द्या, आणि पैसे भरणाऱ्याने तिसऱ्या रांगेत बसावे, पट्टा लावून.