जुनं लाकूडकाम यंत्र: वयाकडे नको, कटर ब्लॉककडे बघा

फाउंड्रीचं पॅटर्न शॉप बंद होतं, रेल्वेचं एखादं वर्कशॉप जुनी यंत्रं मोडीत काढतं आणि त्या ढिगातून मध्येच एखादा इंग्लिश बँडसॉ किंवा थिकनेसर बाहेर पडतो. बिडातच ओतलेली अक्षरं त्याच्या अंगावर असतात: वॅडकिन, लेस्टर. किंवा रॉबिन्सन, रॉचडेल. वॅडकिन कंपनी 1897 ची, रॉबिन्सन त्याहून जुनी, 1838 ची. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांना ओतकामासाठी लाकडी पॅटर्न लागत, आणि ते अचूक बनवायला अशीच दणकट यंत्रं हवी असत. आता बरंचसं पॅटर्नचं काम सीएनसीकडे गेलं आहे. त्यामुळे फर्निचर करणाऱ्या छोट्या कारखानदारापुढे किंवा हौशी माणसापुढे प्रश्न येतो: घ्यावं का?

सल्ला देणारे दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतो, ‘असलं बीड आता मिळत नाही, डोळे मिटून घे.’ दुसरा म्हणतो, ‘भंगार आहे, किलोवर घाल.’ दोघंही यंत्राचं वय बघून बोलतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

‘बीड जड आहे, म्हणजे यंत्र चांगलंच असणार’

यात अर्धं खरं आहे. बीड कंपनं शोषून घेतं, म्हणून जड यंत्रावर रंधा मारलेली फळी जास्त गुळगुळीत निघते. पण बीड ठिसूळही असतं. ट्रकमधून उतरवताना पडलं तर पोलादासारखं वाकत नाही, तडकतं. तडा गेला की विकणारा लांबी भरतो आणि वर हिरवा किंवा करडा रंग मारतो. म्हणून नुकत्याच रंगवलेल्या यंत्रापेक्षा धुळीनं आणि ग्रीसनं माखलेलं यंत्र मला जास्त विश्वासाचं वाटतं. कोपरे, पाय आणि बोल्टच्या भोकांभोवतीचा भाग हातोडीनं हलकेच वाजवून बघा. शाबूत बिडाचा आवाज खणखणीत येतो, तडकलेल्याचा बद्द. पितळी झाळ देऊन तडा सांधता येतो. तो सांधा पायात असेल तर चालेल, कटर ब्लॉक (पाती बसवलेला फिरता दांडा) धरणाऱ्या भागात असेल तर यंत्र सोडून द्या.

टेबलावर सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेज सरकवून बघा. वर्षानुवर्षं एकाच जागेवरून लाकूड सरकलं की मधोमध खोलगट झीज होते. मोठ्या ग्राइंडरवर टेबल पुन्हा सपाट करून घेता येतं. तो खर्च मात्र किमतीत धरूनच बोली लावायची.

‘गंज चढलाय, म्हणजे मेलं’

वरवरचा गंज हा सर्वांत स्वस्त दोष. रॉकेल, तारेचा ब्रश आणि दोन सुट्ट्यांचे दिवस एवढ्यावर तो निघतो. खरी भीती गायब सुट्या भागांची. बँडसॉचे गाइड, थिकनेसरचे फीड रोलर, करवतीचा फेन्स, वरखाली करण्याचं चाक, पात्यांवरचं कव्हर यांतलं काही नसेल तर ते बाजारात मिळणार नाही. पॅटर्न करून ओतून घ्यावं लागेल आणि मशीनिंगही करावं लागेल. गंजलेलं पण सगळे भाग जागेवर असलेलं यंत्र हे चकचकीत पण अर्ध्या यंत्रापेक्षा केव्हाही बरं.

नटबोल्टची भीती मात्र बाळगू नका. जुन्या इंग्लिश यंत्रांवर व्हिटवर्थ आटे असतात. जोसेफ व्हिटवर्थनं ते 1841 मध्ये मांडले, आट्याचा कोन 55 अंश. मेट्रिक नट त्यावर बसत नाही, जबरदस्तीनं बसवला तर आटे जातात. पण व्हिटवर्थचे बोल्ट आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत अजूनही मिळतात.

‘आत बॉल बेअरिंग नाही, व्हाइट मेटल आहे, म्हणजे कालबाह्य’

व्हाइट मेटल म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांब्याचा मिश्रधातू. अमेरिकेत आयझॅक बॅबिट यानं 1839 मध्ये अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं. वीजनिर्मितीच्या मोठ्या टर्बाइनचे शाफ्ट आजही याच जातीच्या धातूवर फिरतात, तेव्हा ‘कालबाह्य’ हा शब्द लागू होत नाही. व्हाइट मेटल तेलाच्या पातळ थरावर चालतं आणि झिजलं तरी दुरुस्त होतं. बेअरिंगच्या टोपीखाली पातळ पत्र्यांचे शिम असतात. थोडा प्ले आला की एखादा शिम काढायचा. फारच झिजलं तर जुनं वितळवून काढायचं, शाफ्ट नेमक्या जागी बांधायचा, कडा मातीनं बंद करायच्या आणि नवा रस एका दमात ओतायचा. ओलाव्याचा थेंबही आत राहिला तर रस उडतो, आणि जुन्या मिश्रणात शिसंही असू शकतं. म्हणून हे काम यूट्यूब बघून करायचं नाही, जाणत्या फिटरकडूनच करून घ्यायचं. नंतरची देखभाल म्हणजे रोज तेल घालणं. हा कंटाळा असेल तर हे यंत्र तुमचं नाही.

बॉल बेअरिंगचं यंत्र असेल तर प्रश्न आणखी सोपा. त्यांची मापं बहुतेक प्रमाणित आहेत. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचा, चिंचवडला बनणारं बेअरिंगसुद्धा त्यात बसू शकेल.

‘मोटर जळाली तर नवी बसवू’

सर्वांत जास्त पैसे याच समजुतीत बुडतात. अनेक जुन्या यंत्रांत मोटर वेगळी नसते. तिचा स्टेटर यंत्राच्या बिडातच बसवलेला असतो आणि करवत किंवा कटर ब्लॉक थेट तिच्याच शाफ्टवर फिरतो. दुकानातली मोटर तिथे बसतच नाही, रिवाइंडिंग हाच एक मार्ग उरतो. म्हणून विकत घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला मेगर घेऊन सोबत न्या. वायंडिंग आणि बॉडी यांमधला रेझिस्टन्स एक मेगाओहमच्याही खाली असेल तर रिवाइंडिंगचा खर्च धरूनच चला.

‘घरी सिंगल फेज आहे, मग हे चालणारच नाही’ हाही गैरसमज. व्हीएफडी 230 व्होल्ट सिंगल फेज घेतो आणि तीन फेज देतो, पण तेही 230 व्होल्टचेच. जुनी मोटर बहुधा 415 व्होल्टवर स्टारमध्ये जोडलेली असते. नेमप्लेटवर 240/415 असं लिहिलेलं असेल आणि सहा टोकं बाहेर आलेली असतील तर ती डेल्टात जोडून चालवता येते. तीनच टोकं असतील तर वायंडिंग उघडून उरलेली टोकं बाहेर काढावी लागतात. साधारण तीन हॉर्सपॉवरपर्यंत हा मार्ग परवडतो, त्यापुढे थ्री फेज कनेक्शनच घ्या.

इंग्लिश यंत्र आपल्या विजेवर विनातक्रार चालतं, कारण तिकडेही 50 हर्ट्झच आहे. अमेरिकन यंत्र, समजा मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या ऑलिव्हर कंपनीचं, 60 हर्ट्झचं असतं. इथे ते सहातला एक भाग वेग गमावून फिरतं, आणि 440 व्होल्टची त्याची मोटर आपल्या 415 व्होल्ट, 50 हर्ट्झवर गरमही होते. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात पुली बदलून कटरचा वेग सुधारतो, मोटरचं गरम होणं सुधारत नाही.

‘जुन्या काळी माणसं यावरच काम करायची, काही होत नव्हतं’

होत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रंधा मशीनला चौकोनी कटर ब्लॉक असे. त्याच्या सपाट बाजू आणि टेबल यांमध्ये मोठी पोकळी राहते. हात घसरला की बोट त्या पोकळीत खोल ओढलं जातं आणि परत जोडण्यासारखं काही उरत नाही. गोल ब्लॉकमध्ये ही पोकळी अगदी कमी असते. इजा तिथेही होते, पण हात जात नाही. ब्रिटननं 1922 च्या नियमांनी हातानं लाकूड सरकवायच्या रंधा मशीनला गोल ब्लॉक सक्तीचा केला, तो बोटं तुटत होती म्हणूनच. खरेदीला जाल तेव्हा वीज बंद करून, कव्हर काढून ब्लॉक डोळ्यांनी बघा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

आणखी काही गोष्टी. जुन्या यंत्रांना बहुधा ब्रेक नसतो. स्विच बंद केल्यावरही बँडसॉची मोठी चाकं बराच वेळ फिरत राहतात. वीज जाऊन परत आली की यंत्र आपोआप सुरू होऊ नये, यासाठी नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावा. लोडशेडिंगच्या गावात तर लावाच. भुसा ओढून घेणाऱ्या नळीची सोयही या यंत्रांत नसते. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्येच जाहीर केलं आहे. शिवाय जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, तो कोरडा घासू नका.

‘भंगाराच्या भावात पडलं’

यंत्र पडतं भंगाराच्या भावात, पण ते तिथेच उभं असतं. सरकारी माल बहुधा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात ‘आहे तसा, आहे तिथे’ या अटीवर विकला जातो. हायड्रा क्रेन, ट्रक, पुन्हा हायड्रा, चेनपुली, काँक्रीटचा पाया हा सगळा खर्च तुमचा. टनभर वजनाचा थिकनेसर पहिल्या मजल्यावर चढवायचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला स्लॅब दाखवा.

कागदोपत्रीही एक अडचण आहे. मोठा बँडसॉ आणून ओंडके चिरणार असाल तर ती सॉ मिल ठरते आणि तिला वनखात्याचा परवाना लागतो. लाकडावर आधारित उद्योगांसाठी केंद्राची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आपल्या कामाला त्यातून सूट आहे का, हे वनखात्याच्या कार्यालयात विचारा आणि मगच बयाणा द्या.

माझं मत विचाराल तर असं. जुना बँडसॉ आणि लाकडाचा लेथ सर्व भाग जागेवर असतील तर बिनधास्त घ्या. थिकनेसर घ्यायचा तर गोल ब्लॉकचा आणि वायंडिंग शाबूत असलेला. पात्यामागे लाकूड फाकवून धरणारा पत्रा नसलेली गोल करवत आणि कव्हर हरवलेलं स्पिंडल मशीन टाळा. आणि चौकोनी ब्लॉकची रंधा मशीन कोणी फुकट दिली, तरी घेऊ नका.